१६ कोटींच्या इंजेक्शननंतर काय? एसएमए झालेल्या बाळाचं घर कसं चालतं

असा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर एकदा तरी येऊन गेलाय. नाकात नळी घातलेलं बाळ, हात जोडलेले आईबाबा आणि खाली ‘१६ कोटींचं इंजेक्शन’. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणीतून एवढी रक्कम उभी राहिली, केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला आणि ‘एसएमए’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. पैसे जमले की पोस्ट शेअर करणारे पुढच्या पोस्टकडे वळतात. त्या घराचं खरं काम मात्र तिथून पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं.

आजार नेमका काय आहे?

एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. त्या जगायला एक प्रथिन लागतं आणि ते बनवणारा ‘एसएमएन-१’ हा जनुक या मुलांमध्ये नसतो किंवा बिघडलेला असतो. पेशी मरतात, स्नायू दुबळे होत जातात. साधारण १० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो.

टाइप १ मध्ये लक्षणं पहिल्या सहा महिन्यांतच दिसतात. असं बाळ आधाराशिवाय बसू शकत नाही आणि उपचार किंवा श्वासाचं मशीन मिळालं नाही तर बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आतच जातात. टाइप २ ची मुलं बसतात पण स्वतःहून चालत नाहीत. टाइप ३ ची चालतात, पुढे काहींचं चालणं सुटतं. बुद्धीला मात्र धक्का लागत नाही. हात उचलता न येणारं मूल अखंड बडबड करतं, गोष्टी लक्षात ठेवतं, हट्टही करतं.

अनेक घरांत सुरुवात कौतुकाने होते, ‘आमचं बाळ फार शांत आहे.’ पाय बेडकासारखे बाहेर पडलेले असतात, रडण्याचा आवाज बारीक असतो, दूध पिता पिता बाळ दमतं, मान धरत नाही. मग घरातलं मोठं माणूस सांगतं की याचा बापही उशिराच बसला होता. मालिशवाली बदलली जाते, कुणी डिंकाचे लाडू पाठवतं. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो. निदान रक्ताच्या जनुकीय तपासणीनेच होतं.

‘हे आमच्या घराण्यात नव्हतं’

रिपोर्ट आल्यावर पहिला वार बहुतेक वेळा सुनेवर होतो. तिच्या माहेरचं आहे, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, असलं काहीबाही. विज्ञान इथे अगदी स्पष्ट आहे. बाळाला बिघडलेला जनुक सहसा आई आणि बाबा दोघांकडून मिळतो. दोघंही वाहक असतात, स्वतः ठणठणीत असतात आणि दोघांनाही याचा पत्ता नसतो. साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण वाहक असतो, म्हणजे लग्नाच्या एखाद्या हॉलमध्ये असे पाच-दहा जण जेवत असतात. नात्यात लग्न झालं असेल तर शक्यता वाढते, पण नातं नसलेल्या जोडप्यांच्या बाळांनाही एसएमए होतोच.

औषधं

१६ कोटींचं ते इंजेक्शन म्हणजे झोलजेन्स्मा. अमेरिकेत २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्याला मंजुरी मिळाली. ते शिरेतून एकदाच देतात. नंतर किमान महिनाभर स्टेरॉइड आणि यकृतावर लक्ष ठेवायला पुन्हा पुन्हा रक्ततपासण्या. दुसरं औषध नुसिनर्सेन, ते पाठीच्या कण्यात टोचतात, दर चार महिन्यांनी.

तिसरं रिसडिप्लाम, रोज तोंडाने द्यायचं. घराचं गणित बदललं ते याने. भारतात त्याची बाटली सुमारे ६ लाखांना होती. पेटंटवरून नॅटको आणि रोश या कंपन्यांमध्ये खटला चालला, ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रोशचं अपील फेटाळलं आणि नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणलं. २० किलोच्या मुलाला एक बाटली १२ दिवस पुरते, म्हणजे वर्षाला ३० बाटल्या, पावणेपाच लाखांच्या आसपास. लहान बाळाला कमी लागतं. पगारदार घराला हाही आकडा जड आहे, पण निदान तो आकडा घरात बसून बोलता येतो.

दिवस आणि रात्र

औषध आजार थोपवतं, आधी झालेलं नुकसान पुसत नाही. त्यामुळे टाइप १ आणि २ च्या घरात औषधाइतकंच महत्त्व मशीनना आणि हातांना असतं.

या मुलांना जोरात खोकता येत नाही. आपण खाकरून टाकतो तो कफ त्यांच्या छातीत साठतो आणि साध्या सर्दीचा दोन दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सकाळ सुरू होते ती छाती थोपटण्याने, मग सक्शन मशीनने कफ ओढायचा. काही घरांत खोकला काढून देणारं मशीन असतं, रात्री मास्क लावून बायपॅप. जे बाळ स्वतः कुशीवर वळू शकत नाही त्याला रात्रीत अनेकदा कुणीतरी वळवावं लागतं. आई आणि बाबा पाळ्या लावतात. आजी असेल तर पहाटेची पाळी तिची.

वीज गेली की बाकीच्यांचा पंखा बंद पडतो, इथे श्वासाचं मशीन थांबतं. त्यामुळे इन्व्हर्टर ही चैन राहत नाही आणि हाताने दाबायची अंबू बॅग उशाशी असते. औषधाची बाटली फ्रिजमध्येच ठेवायची आणि पावडर कालवल्यापासून ६४ दिवसांत संपवायची किंवा टाकून द्यायची. दोन दिवस भारनियमन असलेल्या गावात हा नियम पाळणं हेच एक काम होऊन बसतं. आजारपणात मुलाला फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं, म्हणून ‘खात नाही तर राहू दे’ हे या घरात चालत नाही.

पाहुण्यांशी वागणं हा वेगळाच विषय. गणपतीत, बारशाला, लग्नाला ‘बाळाला आणा की’ असा आग्रह होतो आणि नकार दिला की शिष्टपणा वाटतो. दारात हात धुवायला सांगणं, शिंकणाऱ्या आत्याला आत न घेणं, हे सगळं सहसा आईच्याच माथी येतं. नोकरी सोडते तीही बहुधा तीच, कारण इन्शुरन्स बाबांच्या कंपनीचा असतो. मोठं भावंड असेल तर ते सक्शन मशीन लावायला शिकतं, समजूतदार म्हणून त्याचं कौतुकही होतं. त्याचं गॅदरिंग मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

सरकारी मदत

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात एसएमए तिसऱ्या गटात आहे. मे २०२२ पासून सगळ्या गटांना ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फतच. मुंबईत असं केंद्र केईएम रुग्णालय. जुन्या छापील किमतीने रिसडिप्लाम घेतलं असतं तर २० किलोच्या मुलाचे ५० लाख तीन महिन्यांत संपले असते. आता तेच पैसे दहा वर्षं पुरू शकतात. एप्रिल २०२३ पासून दुर्मिळ आजारांसाठी स्वतःच्या वापराकरता आणलेल्या औषधांवर मूळ सीमाशुल्क लागत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी दिल्लीकडे हात पसरावे लागत नाहीत.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड लवकर काढलेलं बरं. शाळा, प्राप्तिकरातली वजावट, परीक्षेतला लेखनिक, सगळीकडे तेच मागतात. कायद्याने शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर आई रोज मुलाला उचलून नेते.

दुसरं मूल

दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. पहिलं बाळ आजारी झालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब इथे लागत नाही. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन तपासणी करता येते. त्यासाठी पहिल्या बाळाचा जनुकीय रिपोर्ट लागतो, म्हणून बाळ फार आजारी असलं तरी ती तपासणी करून घ्या असं डॉक्टर सांगतात. त्या वेळी आईबाबांना ते निर्दयपणाचं वाटतं. वर्ष-दोन वर्षांनी तोच कागद कपाटातून काढून ते जनुकीय सल्लागाराकडे जातात आणि तेव्हा काका, मावशी, आत्या यांनाही वाहक तपासणी करायला सांगितलं जातं. लग्न ठरत असलेल्या घरात हे बोलायचं कसं, यावर आठवडाभर कुजबुज चालते.