विनामोल विमाने आणि जीर्णोद्धाराचा अधिकार

निपाणीहून महामार्गाने बेळगावास येताना संकेश्वर मागे पडले की हत्तरगी लागते. तेथील औद्योगिक वसाहतीत एअरबसच्या विमानांचे सुटे भाग घडतात. बेळगाव ओलांडून पूर्वेस गेले की सांबऱ्याचा विमानतळ. ब्रह्मदेशच्या आघाडीस साह्य म्हणून ब्रिटिश हवाई दलाने तो १९४२ मध्ये बांधला. १९६१ च्या डिसेंबरात, गोवामुक्तीच्या वेळी, भारतीय हवाई दलाच्या १७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हंटर विमाने येथूनच निघाली आणि त्यांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. या पट्ट्यातील आम्हां लोकांस विमान ही वस्तू अपरिचित नाही. परंतु विमाने आणखी एके ठिकाणी घडतात. तेथे धातू लागत नाही, भट्टी लागत नाही आणि मजुरीही कोणी मागत नाही. त्या कारखान्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या ऑर्गनच्या भात्यांवर लिंक यांनी एक लहानसे लाकडी विमान बसविले आणि १९२९ मध्ये शिकाऊ वैमानिकांसाठी आभासी उड्डाणयंत्र सिद्ध केले. देवळात भजनाला साथ करणाऱ्या पेटीचा भाता ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हवेच्या दाबाने विमान कसे कलत असेल याची कल्पना सहज येईल. पुढे हेच काम संगणकाकडे आले. ब्रूस आर्टविक यांनी घडविलेले फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये बाजारात आणले आणि घरच्या मेजावर उड्डाण शक्य झाले.

पण विकत मिळणारी विमाने मोजकी. ज्याला आपल्या गावावरून गेलेले विमान चालवायचे होते, त्याने काय करावे? अशा हौशी लोकांनी ती विमाने स्वतः घडविली आणि कोणतेही मोल न घेता इतरांस दिली. १९९६ मध्ये काहींनी याहून पुढचा संकल्प सोडला. विमानेच नव्हेत, तर सबंध सिम्युलेटरच सर्वांच्या मालकीचा असावा, असा तो संकल्प होता. १९९७ पासून आकारास आलेला ‘फ्लाइटगिअर’ हा त्याचाच परिपाक होय.

हे काम एकट्याचे नसते. एक जण छायाचित्रे व आराखडे मिळवून विमानाचा सांगाडा संगणकावर रेखतो. दुसरा त्यावर रंग, खिळे आणि बोधचिन्हे चढवितो. तिसरा वजन, पंखांचे क्षेत्रफळ आणि इंजिनाचा रेटा यांची कोष्टके मांडतो, कारण हंटरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३३ फूट ८ इंच दाखविले म्हणजे ते हंटरसारखे उडेलच असे नाही. चौथा आवाज मिळवितो. पाचवा, बहुधा कधीकाळी ते विमान चालविलेला वा दुरुस्त केलेला, ‘हे असे वळत नाही’ म्हणून सारे परत पाठवितो. यांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते.

गोमंतकीय वाचकांस एक उदाहरण जवळचे वाटेल. विक्रांत नौकेवरील सी हॉक विमानांनी १९७१ च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बझार येथे कामगिरी केली. ती १९८३ च्या सुमारास निवृत्त झाली, आणि त्यांतील एक आज बोगमाळो येथील नौदलाच्या संग्रहालयात उभे आहे. त्याच जातीचे विमान फ्लाइटगिअरच्या स्वयंसेवकांनी घडविले. त्यांच्या पुस्तिकेत विमानवाहू नौकेवर उतरण्याचा पाठ या सी हॉकवरच दिला आहे. संग्रहालयात जे स्तब्ध आहे, ते येथे उडते.

येथवर सारे गोड आहे. पण इतिहास लिहिणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारावयास हवा. कर्ता गेल्यावर त्याच्या कृतीचे काय होते? अनेक विमानांसोबत ‘विनामूल्य वापरा, मात्र माझ्या परवानगीवाचून बदल करू नका’ अशी अट असते. ती गैर म्हणता येणार नाही, कारण फुकट मिळालेले विमान तबकडीवर घालून विकणारेही निघाले होते. परंतु सिम्युलेटर दर काही वर्षांनी बदलतो आणि जुने विमान नव्यात चालेनासे होते. दुरुस्तीची परवानगी द्यावयास कर्ता हयात नसला, तर ते विमान तेथेच मरते. विनामूल्य असणे वेगळे आणि मुक्त असणे वेगळे.

देवळाचे उदाहरण घ्या. शिखर बांधून देणाऱ्याने ‘याची एकही वीट कोणी हलवू नये’ असे लिहून ठेवले, तर त्याचे नाव शिलेवर राहील, पण शिखर राहणार नाही. आपल्या पूर्वजांनी देवस्थाने टिकविली ती जीर्णोद्धाराचा अधिकार पुढील पिढीस देऊन. फ्लाइटगिअरने हीच वाट धरली. त्याच्या परवान्याप्रमाणे कोणीही बदल करावा, वाटावे, विकावेही. मात्र घेणाऱ्यास तेच अधिकार द्यावे आणि मूळ कर्त्यांचे श्रेय पुसू नये. याचा गैरफायदा घेऊन काहींनी त्याला दुसरे नाव देऊन ते विकले, हे खरे. तरीही मूळ कृती कोणी हिरावू शकला नाही.

केवळ जतन करून भागत नाही, याचा दाखला २००९ च्या मे महिन्यात मिळाला. ‘एव्हसिम’ या विनामूल्य विमानांच्या मोठ्या संग्रहावर घाला पडला. मूळ ठेवा आणि त्याची राखीव प्रत, दोन्ही नष्ट करण्यात आली. संग्रह पुढे पुन्हा उभा राहिला. परंतु एका कुलपात ठेवलेले धन किती नाजूक असते, हे सर्वांस कळले. उलट २०२० पासून ‘फ्लायबायवायर’ या मंडळाने एअरबस ए-३२० निओ मुक्त परवान्याखाली सुधारण्यास घेतले. त्यात आज एक हात थांबला तर दुसरा पुढे येऊ शकतो.

हत्तरगीस ज्या कंपनीचे भाग घडतात, तिचेच हे विमान, हा योगायोग आम्हांस मोलाचा वाटतो. आराखडे वाचणारे कारागीर बेळगावात आहेत आणि संगणकावर हात बसलेली मुले घरोघरी आहेत. हंटर व सी हॉक ज्यांनी हाताळली ती माणसे मात्र आता वृद्ध झाली आहेत. इंजिन सुरू होताना कोणता आवाज येई, कोणती कळ जड जाई, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते. ते ऐकून घेण्यास आणि खुल्या परवान्याने पुढे देण्यास पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तोच थोडा उरला आहे.