पोचीबुकुरोची कुळकथा

जपानमधील जुन्या वळणाच्या पांथागारात, ज्याला तेथे र्‍योकान म्हणतात, उतरलेल्या पाहुण्यास खोलीपर्यंत पोचवून त्याच्यापुढे चहा मांडणारी, जेवण वाढणारी आणि रात्री गाद्या घालणारी जी सेविका असते, ती नाकाई. आणि तिला द्यावयाची खुशाली ज्या तळहाताएवढ्या नक्षीदार कागदी पाकिटातून द्यावयाची, ते पोचीबुकुरो. पाकीट दिसते मोठे निरागस, पण त्याचे पूर्वज तितके निरागस नव्हते.

तोकुगावा अमदानीत एदोहून क्योतोकडे जाणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर 53 ठाणी वसलेली होती, आणि तेथील खानावळवजा सरायांत मुक्कामाच्या भाड्याखेरीज 'चादाई', म्हणजे चहाचे पैसे, देण्याचा प्रघात होता. ही रक्कम नावाला ऐच्छिक असली तरी ती जाई घराच्या मालकाकडे, आणि तिच्या आकड्यावरून पाहुण्याची योग्यता ठरे. आपल्याकडील दरबारी नजराण्याचीच ही धाकटी बहीण. नात्सुमे सोसेकी यांच्या 1906 सालच्या 'बोच्चान' या कादंबरीतील तरुण शिक्षक शिकोकू बेटावर येतो, तेव्हा त्याला जिन्याखालची कोंदट, अंधारी खोली मिळते. दरमहा 40 येन वेतनावर रुजू होणारा हा गृहस्थ चिडून 5 येन चादाई देतो, आणि शाळेतून परततो तो काय, मालकीण जमिनीला कपाळ टेकून त्याचे स्वागत करते आहे आणि आपले बिऱ्हाड माडीवरच्या पंधरा चटयांच्या प्रशस्त दालनात हलले आहे! चादाईबद्दल सरायवाले पावती आणि वर एखादा पंखा वा पंचाही देत. पावती मिळणारी भेट मला तरी आगाऊ भरलेल्या भाड्याहून वेगळी वाटत नाही.

मेइजी काळाच्या अखेरीपासून या प्रघाताविरुद्ध ओरड झाली, आणि पुढे यथावकाश शेकडा 10 ते 15 सेवाशुल्क देयकातच सामील होऊन चादाई नाहीशी झाली. उरली ती सेवकांना निराळी द्यावयाची, तोवर दुय्यम मानलेली 'कोकोरोझुके'. आणि खोली बदलून देण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते, म्हणूनच तिला भेटीचे सौजन्य लाभले असे मला वाटते. साधारण 1000 ते 3000 येनच्या कोऱ्या नोटा घडी करून पाकिटात घालाव्यात, आणि नाकाई पहिला चहा घेऊन येईल तेव्हा ते द्यावे. उघडी नोट हाती ठेवणे असभ्य.

अलीकडे पुष्कळ र्‍योकान तीही नम्रपणे नाकारतात, कारण सेवाशुल्क अगोदरच घेतलेले असते. तेव्हा आग्रह न करता पाकीट परत खिशात घालावे. पैशांऐवजी घरून काही नेलेच असेल, तर ते किमती नसावे, कारण घेतल्या भेटीची परतफेड करणे ही तेथे सक्तीइतकीच प्रबळ रीत आहे. आपल्याकडून जाणाऱ्याने तुपकट मिठाईपेक्षा लोणावळ्याची चिक्की, तीही सुट्या वेष्टनांतली, न्यावी, म्हणजे पाळीवरच्या सर्वांना ती वाटून घेता येते. आणि शेंगदाण्याऐवजी तिळाची निवडावी, कारण तीळ तेथील स्वयंपाकघरात पूर्वापार परिचयाचा आहे.