सीटमागची टाकी

माझे मामू रत्नागिरीहून कुवेतला गेले आणि एका गॅरेजात लागले. १९७२ च्या शेवरोले पिकअपची पेट्रोलची टाकी कशी उतरवायची, हे ते रंगवून सांगत. आधी बॅटरीची वायर काढायची, पेट्रोल उपसायचे, सीट बाहेर काढायची. मग नळ्या आणि काट्याची वायर सोडवून बोल्ट काढले की टाकी दारातूनच निघे. कारण ती केबिनमध्ये, चालकाच्या पाठीशीच असे!

१९७३ च्या मॉडेलपासून कंपनीने टाकी केबिनबाहेर काढली खरी, पण बसवली चासीच्या बाहेरच्या अंगाला. बाजूने धडक बसली की आगीची भीती. १९८८ च्या नव्या पिकअपमध्ये ती चासीच्या आत गेली. १९९२ मध्ये अमेरिकी सरकारने चौकशी सुरू केली. १९९४ मध्ये ती तडजोडीने मिटली. कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मान्य केली, जुन्या गाड्या मात्र परत बोलावल्या नाहीत. धोका हटवणे वेगळे, त्याची जागा बदलणे वेगळे.

मामूंचा एक सोबती रिकाम्या टाकीला वेल्डिंग करताना भाजला होता. म्हणून ते बजावत, "भरलेल्या टाकीपेक्षा रिकामीला जास्त भी, बेटा. आत वाफ उरलेली असते."