घोटीव कागदाचं हृदय

शाळेत असताना तुम्ही घोटीव कागदाची चटई विणली असेलच. एका कागदाला उभ्या चिरा द्यायच्या, दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक सोडून एक अशा आत-बाहेर घालायच्या, टोकं डिंकाने चिकटवायची. मग ती वहीत लागायची आणि खाली बाईंची लाल सही. आज परदेशात डिसेंबर लागला की आपल्यातले कितीतरी आईबाबा एकाच शोधात असतात: मुलांच्या ख्रिसमस पार्टीत, वीसेक मुलांकडून, तासाभरात, सोपं असं काय करून घेता येईल? त्याचं एक चांगलं उत्तर या चटईतच आहे. फक्त तिच्यामागची गोष्ट ऐकली की 'सोपं' या शब्दाकडे जरा वेगळं बघावंसं वाटतं.

१८३७ मध्ये फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. पाटी-पुस्तकाआधी मुलांच्या हातात वस्तू द्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, आणि मग हाताची कामं: कागद दुमडणं, कापणं, पट्ट्या विणणं. हा विरंगुळा नव्हता. एक वर, एक खाली असं विणताना मूल मोजतं, डावी-उजवी बाजू जुळवतं, चुकलं तर स्वतःच ओळखतं आणि उसवतं. शिक्षकाने 'चूक' म्हणायची गरजच पडत नाही.

मोठ्यांना हे इतकं निरुपद्रवी वाटलं नाही. १८४८ च्या क्रांतीची धास्ती अजून ताजी होती. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. इथे नास्तिकपणा आणि समाजवाद शिकवतात, असा संशय होता. त्यात फ्रोबेल यांचे पुतणे कार्ल यांच्या विचारांशी काकांच्या कामाची गल्लतही झाली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती १८६० मध्ये. पण तोवर ही पद्धत सीमा ओलांडून गेली होती, आणि नेणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. हॅम्बुर्गच्या दोन बहिणींचंच बघा: बेर्टा रोंगे यांनी १८५१ मध्ये लंडनमध्ये किंडरगार्टन सुरू केलं, तर मार्गारेटे शुर्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला. परक्या देशात, आपल्या भाषेतल्या मुलांना गोळा करून काहीतरी करू पाहणाऱ्या या बाया. तुम्हाला ओळखीच्या वाटतील.

आता डेन्मार्क. तिथे ख्रिसमसच्या झाडावर दोन रंगांच्या कागदांतून विणलेलं हृदय टांगतात. बऱ्याचदा ते लाल-पांढरं असतं, झेंड्याच्या रंगांचं. सर्वांत जुना ज्ञात नमुना १८६० चा मानतात आणि तो केला होता परीकथाकार हान्स क्रिस्टियान अँडरसन यांनी. कात्री-कागदाची कला हा त्यांचा जुना छंद. १८७१ मध्ये घरगुती हस्तकलांच्या एका डॅनिश मासिकात हे हृदय कसं करायचं याच्या सूचनाही छापून आल्या. पण घराघरात ते पोहोचलं १९१० च्या दशकात. चकचकीत रंगीत कागद, म्हणजे आपला घोटीव कागदच, सहज मिळू लागला होता आणि बालवाड्यांमध्ये बोटांना वळण लावणारं काम म्हणून हे हृदय करून घेत. थोडक्यात, फ्रोबेल यांची चटई गोल टोकांची झाली आणि झाडावर चढली.

दुसरं उदाहरण कागदी ताऱ्याचं. पूर्व जर्मनीत नीस्की या गावी मोरेव्हियन पंथाची निवासी शाळा होती. या पंथाचे मिशनरी ग्रीनलंडपासून कॅरिबियन बेटांपर्यंत, आणि १८५० च्या दशकात आपल्याकडे लाहौलमधल्या केलाँगलाही पोहोचले होते. त्यांची मुलं मात्र अशा शाळांमध्ये, आईवडिलांपासून दूर वाढत. तिथे १८३० च्या दशकात भूमितीच्या तासाला मुलांकडून अनेक टोकांचा कागदी तारा करून घेऊ लागले. आजच्या नेहमीच्या ताऱ्याला २५ टोकं असतात: १७ चौकोनी पायाची, ८ त्रिकोणी पायाची, आणि २६ वी बाजू टांगण्यासाठी मोकळी. पंथासाठी तो बेथलेहेमचा तारा. त्या मुलांसाठी तो गणिताचा तासही होता आणि घरी जाता न येणाऱ्या हिवाळ्यात खोलीत लावायचा दिवाही.

म्हणजे बघा, आज ज्यांना आपण 'पार्टीतली सोपी क्राफ्ट्स' म्हणतो, ती मुळात सजावट म्हणून जन्मलीच नव्हती. ती कुणीतरी विचार करून मुलांच्या हातात दिलेली कामं होती. हल्ली आधीच कापलेले तुकडे आणि स्टिकर असलेली तयार किटं मिळतात. पाच मिनिटांत वीस तारे तयार, सगळे सारखे. फोटो छान येतो, पण चिर कुठवर द्यायची हे ठरवण्याचा जो भाग मुलाचा होता, तो कारखान्याने करून टाकलेला असतो.

तेव्हा यंदा हृदयच करून बघा. दोन रंगांचे सारख्या मापाचे लांबट कागद घ्या. प्रत्येक मधोमध दुमडा आणि उघड्या टोकाला गोलाई द्या. दुमडलेल्या बाजूने दोन चिरा द्या, म्हणजे तीन पट्ट्या होतील. चिरेची लांबी कागदाच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त ठेवा. कमी पडली तर विणताना कागद फाटतो. मग दोन्ही तुकडे काटकोनात धरून एक पट्टी दुसरीच्या पोटातून, पुढची दुसरीच्या बाहेरून, असं आलटून पालटून विणा. नीट जमलं तर हृदय पिशवीसारखं उघडतं. वर कागदाची मूठ चिकटवून आत मनुका किंवा छोटी बिस्किटं घालता येतात.

चार-पाच वर्षांच्यांना रुंद पट्ट्यांची साधी चटई द्या, सात-आठच्या पुढच्यांना हृदय. आणि एखादं मूल तिसऱ्या पट्टीला अडलं तर लगेच हातातून कागद घेऊ नका. थोडं थांबा. तिसरी पट्टी उलटी गेलीय, हे त्याला स्वतःला दिसणार आहे.