बत्तिसाव्या सेकंदाला कॉल का तुटतो?

दूरध्वनी केंद्र आणि संगणकावरील फोन-सॉफ्टवेअर यांच्यात संभाषण सुरू होण्यापूर्वी संदेशांची ठरावीक देवाणघेवाण होते. तिला सिग्नलिंग म्हणतात. आवाज आणि सिग्नलिंग यांचा प्रवास स्वतंत्र असतो. त्यामुळे बोलणे स्पष्ट ऐकू येत असतानाही कॉल अचानक तुटू शकतो. मदतीसाठी केलेला फोन पत्ता सांगून होण्याआधीच बंद पडला, तर हा दोष केवळ तांत्रिक राहत नाही. संदेशांचा क्रम तपासला की त्याचे मूळ सापडते.

ठरलेला क्रम

इंटरनेटवरील कॉलसाठी 'सिप' ही नियमावली वापरली जाते. तिचे प्रचलित स्वरूप २००२ मध्ये निश्चित झाले. कॉल करणारा 'इन्व्हाइट' पाठवतो. समोरून 'ट्राइंग' (१००), 'रिंगिंग' (१८०) आणि फोन उचलल्यावर 'ओके' (२००) येते. त्यावर कॉल करणाऱ्याने 'अ‍ॅक' ही पोच द्यावयाची असते. पारंपरिक केंद्रे हेच व्यवहार 'सिग्नलिंग सिस्टिम ७'च्या आयएएम, एसीएम व एएनएम या संदेशांनी करतात. दोहोंमधील दुभाषा म्हणजे गेटवे.

घंटा ऐकू येत नाही

'१८०' आल्यावर घंटेचा आवाज कॉल करणाऱ्याचे सॉफ्टवेअर स्वतः निर्माण करते. '१८३' आल्यास मात्र घंटा किंवा ध्वनिमुद्रित सूचना सहसा केंद्राकडूनच येते. एसीएममध्ये समोरची लाइन मोकळी असल्याचा उल्लेख नसेल, तर गेटवे '१८३' पाठवतो. अशा वेळी फायरवॉलने आवाज अडवला किंवा सॉफ्टवेअरने तो दुर्लक्षिला, तर कानी पडते ती केवळ शांतता.

बत्तीस सेकंदांचे गणित

'ओके'ची पोच मिळाली नाही, तर फोन उचलणारी बाजू तो संदेश पुनःपुन्हा पाठवते. प्रथम अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन आणि पुढे चार-चार सेकंदांच्या अंतराने. अर्ध्या सेकंदाची ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद उलटले की ती कॉल बंद करते. बहुतेकदा कारण पत्त्याचे असते. सॉफ्टवेअरने 'ओके'मध्ये कार्यालयातील अंतर्गत पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, कळवलेला असतो. बाहेरून निघालेली पोच तेथे पोहोचूच शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सार्वजनिक पत्ता कळवण्याची सोय सुरू करावी. राउटरमधील 'सिप एएलजी' ही सुविधा पत्ते चुकीचे बदलत असल्यास ती बंद करून पाहावी.

वाटेत ओलांडलेले संदेश

कॉल करणाऱ्याने 'कॅन्सल' पाठवले आणि त्याच क्षणी समोरून 'ओके' निघाले, तर कॉल जोडला गेला असेच मानावे लागते. सॉफ्टवेअरने आधी पोच देऊन मग 'बाय' पाठवणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास समोरची लाइन काही काळ विनाकारण व्यग्र राहते.

तपासणी कशी करावी?

'वायरशार्क' हे मोफत सॉफ्टवेअर कॉलमधील संदेश वेळेनुसार बाणांच्या आकृतीत दाखवते. नोंद एकाच नव्हे, दोन्ही टोकांना घ्यावी. एका टोकाहून निघालेला संदेश दुसऱ्या टोकाला दिसला नाही, तर दोष वाटेत आहे. संदेश पोहोचूनही उत्तर आले नाही, तर तो सॉफ्टवेअरमध्ये किंवा केंद्रात आहे. एवढी नोंद हाती असली, की सेवा पुरवणाऱ्या कंपनीला नेमका प्रश्न विचारता येतो.