कंदिलाची काच आणि खुला व्यापार

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाशी वसलेले उंब्रज आपल्याला ठाऊक असते ते समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचे स्थान म्हणून, किंवा चाफळकडे वळण्याचा फाटा म्हणून. खुल्या व्यापाराच्या वादाशी या गावाचा काही संबंध असेल असे कोणास वाटणार नाही. परंतु वीज येण्यापूर्वी या परिसरातील घरांत जो कंदील लागे, त्याच्या काचेत हा वाद स्पष्ट दिसतो असे आम्हांस वाटते. ती काच परदेशची घ्यावी की कराडजवळच्या ओगलेवाडीची, हा प्रश्न वरवर पाहता गिऱ्हाइकाच्या पसंतीचा. त्यामागची झुंज मात्र सरकारदरबारी चालली होती.

या वादाची वैचारिक बाजू मराठी माणसांनी पुष्कळ आधी मांडून ठेवली होती. १८७७ साली काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी खुला व्यापार आणि संरक्षण यांचा हिंदी दृष्टीने विचार करणारा निबंध मुंबईत वाचला. त्याच वर्षी मूळचे साताऱ्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, दिल्ली दरबारास खादीच्या पोशाखात गेले. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विलायती यंत्रांच्या मालामुळे येथील विणकर-कारागिरांवर आलेली उपासमार नोंदवली. पुढे १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशकालनिरपेक्ष नसतात हे सांगितले आणि जर्मन विचारवंत फ्रीडरिश लिस्टचा आधार घेतला.

सरकारचे धोरण मात्र उलट दिशेने जात होते. १८८२ साली विलायती कापडावरील जकात उठली. तिजोरीच्या गरजेपोटी १८९४ साली ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांवरही कर आला. १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्केच उत्पादनकर, असा ‘समतोल’ साधण्यात आला.

ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ चा. महायुद्धामुळे जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद झाला होता. म्हणजे देशी काचेला पहिले संरक्षण मिळाले ते कायद्याने नव्हे, तर युद्धाने. युद्ध संपताच परदेशी काच पुन्हा आली, आणि तीत जपान व चेकोस्लोव्हाकियाच्या मालाचाही मोठा भाग होता. दरम्यान इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९२२ साली ‘विवेचक संरक्षणा’चे सूत्र मांडले. उद्योगाला कच्च्या मालासारखी नैसर्गिक अनुकूलता हवी, संरक्षणावाचून तो वाढण्याजोगा नसावा आणि कालांतराने त्याने स्वबळावर उभे राहावे, अशा त्या तीन कसोट्या होत्या. पोलादाला १९२४ साली संरक्षण मिळाले. काचेची चौकशी १९३१ साली टॅरिफ बोर्डाकडे सोपवण्यात आली. बोर्डाने संरक्षणाची शिफारस केली. पण १९३५ साली सरकारने ती फेटाळली. कारण असे दिले की, काचेला लागणारी सोडा ॲश या देशात पुरेशी मिळत नाही. सोडा ॲशवरील जकातीत सूट तेवढी देण्यात आली.

या निकालामागे काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. सह्याद्रीच्या काळ्या फत्तरात कोळसा नाही. भट्टीचे जळण दुरून आणावे लागे. शिवाय जकात वाढली की काच महागणार आणि तो भार उंब्रजसारख्या गावातल्या कुळवाड्यावर पडणार. हा आक्षेप आजही कोणत्याही संरक्षणवाद्याला टाळता येत नाही.

पण कसोटीतच एक दोष होता. कापसाचे एक बोंडही न पिकवता लँकेशायर जगाला कापड पुरवीत होते. हीच कसोटी त्याला लावली असती तर तेही नापासच झाले असते. दुसरे असे की, सोडा ॲश ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. मीठ आणि चुनखडी यांपासून ती कारखान्यात तयार करता येते, आणि या दोन्ही वस्तू हिंदुस्थानात होत्या. १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि मिठापूरच्या किनाऱ्यावर त्या उद्योगाची पायाभरणी झाली. म्हणजे उणीव निसर्गाची नव्हती, आणखी एका उद्योगाची होती. एका उद्योगाच्या अभावाचे कारण देऊन दुसऱ्याला आधार नाकारण्यात आला होता.

तरीही ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला. महसुलासाठी बसवलेली जकात होतीच. पण त्याहून मोठा आधार स्वदेशीच्या भावनेचा असावा. स्वदेशी म्हणजे तरी काय? ज्यांना जकात बसवण्याचा अधिकार नव्हता, त्यांनी ती स्वतःवर बसवून घेतली. सार्वजनिक काकांच्या खादीचा अर्थ आम्हांस यामुळे अधिक उमगतो.

आता तो कारखाना नाही. ओगलेवाडी हे नाव उरले आहे. २०२५ साली अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले, तेव्हा खुल्या व्यापाराची बाजू मांडण्याची पाळी आपल्यावर आली. अशा वेळी जुन्या वादातले दोन प्रश्न हाताशी असावेत: कसोटी कोणी ठरवली, आणि काचेचे वाढीव पैसे कोण मोजणार? तेलंग-रानड्यांनी पहिला प्रश्न विचारायला शिकवले. दुसरा उंब्रजच्या बाजारातल्या गिऱ्हाइकाचा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.