५६० किलो चीज आणि एक भिंत

'धर्म आणि सरकार वेगळं ठेवा' असं म्हणणारा माणूस नास्तिकच असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. ह्या समजुतीवर माझ्याकडे एक आवडती गोष्ट आहे. त्या गोष्टीत एक अवाढव्य चीज आहे.

तारीख १ जानेवारी १८०२. ठिकाण वॉशिंग्टन, राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं निवासस्थान. दारात मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावाहून आलेलं चीज, वजन १,२३५ पौंड, म्हणजे जवळजवळ ५६० किलो! गावातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या गायींचं दूध घालून ते बनवलं होतं. घेऊन आले होते जॉन लीलंड, पक्के बाप्टिस्ट धर्मोपदेशक.

आता गंमत बघा. १८०० च्या निवडणुकीत विरोधकांनी 'जेफरसन नास्तिक आहे' अशी जोरदार हाकाटी केली होती. (नास्तिक तो नव्हता. देव मानायचा, पण येशूचे चमत्कार वगैरे त्याला मान्य नव्हते.) मग एका भाविक ख्रिस्ती माणसानं त्याच्यासाठी एवढा खटाटोप का करावा?

कारण सरकारी धर्माचे चटके बाप्टिस्टांनी स्वतः सोसले होते. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च होतं. तिथे परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात. जानेवारी १७७४ मध्ये, शेजारच्या काउंटीत असे पाच-सहा जण कोठडीत आहेत म्हणून २२ वर्षांच्या जेम्स मॅडिसननं मित्राला संतापून पत्र लिहिलंय. पुढे १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्रीनं तोडगा काढला: सगळ्यांनी कर भरावा, मात्र आपले पैसे कुठल्या चर्चला जावेत ते ज्याचं त्यानं ठरवावं. ऐकायला किती उदार! मॅडिसननं १७८५ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्याचा एक मुद्दा असा, की जे सरकार आज इतर धर्म वगळून ख्रिस्ती धर्म निवडू शकतं, ते उद्या त्यातला एकच पंथही निवडू शकेल. बाप्टिस्टांनीही विरोधात अर्जांचा पाऊस पाडला. ते विधेयक बारगळलं आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफरसननं लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. लीलंड तेव्हा व्हर्जिनियातच राहात होते.

उत्तरेत मात्र जुनंच चालू होतं. कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्चचा कर टाळायचा तर 'मी दुसऱ्या पंथाचा आहे' असा दाखला द्यावा लागे. ऑक्टोबर १८०१ मध्ये तिथल्या डॅनबरी परिसरातल्या बाप्टिस्टांनी जेफरसनला पत्र लिहिलं. त्यांची तक्रार छळाची नव्हतीच. आम्हाला जे स्वातंत्र्य मिळतं ते मेहेरबानी म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही, अशी होती. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. ॲडमिननं दिलेली परमिशन ॲडमिन कधीही काढून घेऊ शकतो.

जेफरसननं उत्तर दिलं ते चीज आलं त्याच दिवशी. चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा तो प्रसिद्ध उल्लेख ह्याच उत्तरात आहे. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, हे महाशय प्रतिनिधिगृहात भरलेल्या प्रार्थनेला हजर! प्रवचन कोणाचं? लीलंड यांचं. भिंत म्हणजे धर्माशी वैर, असं त्या दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हतं.

उलट बाजूची भीतीही खोटी नव्हती. सरकारचा आधार गेला तर चर्च कोसळेल, असं अनेकांना मनापासून वाटत होतं. कनेक्टिकटमध्ये १८१८ साली तो आधार गेला तेव्हा लायमन बीचर हे तिथले नामांकित धर्मोपदेशक अगदी खचले होते. नंतर त्यांनीच आत्मचरित्रात कबूल केलं, की राज्याच्या दृष्टीनं ती सर्वांत चांगली गोष्ट झाली. सरकारवर विसंबणं संपलं आणि चर्च स्वतःच्या पायावर उभं राहिलं. मॅसॅच्युसेट्सला मात्र ह्यासाठी १८३३ उजाडावं लागलं.

आणि नास्तिकांचं काय? त्यांची पाळी बरीच उशिरा आली. मेरीलंडमध्ये रॉय टॉरकॅसो ह्या गृहस्थांना नोटरी व्हायचं होतं. राज्याच्या घटनेनुसार 'माझा देवावर विश्वास आहे' असं जाहीर करणं भाग होतं. ते नास्तिक, त्यांनी नकार दिला, नेमणूक गेली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

म्हणजे ज्या भिंतीआड हा नास्तिक सुरक्षित राहिला, तिच्यासाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वी तुरुंगात गेलेली माणसं होती ती देवभोळी. तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'तू नास्तिक आहेस का?' असं विचारलं, तर मी ही चीजची गोष्ट सांगणार आहे. आणि मग उलट विचारणार, "तुझ्या श्रद्धेला सरकारची परवानगी हवी आहे का?"